चर्चला हे ठाऊक होते : धर्मभगिनींचे शोषण आणि साडेचारशे वर्षांचे नियम

१/
फेब्रुवारी २०१९. अबू धाबीहून रोमला परतताना विमानात पत्रकारांनी पोप फ्रान्सिस यांना धर्मभगिनींच्या लैंगिक शोषणाविषयी प्रश्न विचारला. धर्मगुरूंनी आणि काही बिशपांनीही असे केले आहे, ते अद्याप थांबलेले नाही, अशी कबुली त्यांनी दिली. जगभरच्या वृत्तपत्रांनी ती बातमी ‘पहिली जाहीर कबुली’ म्हणून छापली. पोपने हे पहिल्यांदा बोलून दाखवले, एवढे खरे. चर्चला ते पहिल्यांदा कळले, हे मात्र खरे नव्हे. चर्चला हे किमान साडेचारशे वर्षे ठाऊक आहे आणि त्याचा पुरावा चर्चच्याच कायद्यांत आहे. हा धागा त्या पुराव्याचा.

२/
कॅथॉलिक चर्चमध्ये आज सुमारे सहा लाख व्रतस्थ स्त्रिया आहेत. धर्मगुरू चार लाखांच्या आसपास. शाळा, दवाखाने, अनाथालये, कुष्ठरोग्यांचे आश्रम यांचा भार मुख्यतः या स्त्रियांनी वाहिला. महाराष्ट्रात आणि गोव्यात कितीतरी घरांतील दोन-तीन पिढ्या ‘कॉन्व्हेंट’मध्ये शिकल्या. शिकवणारी सिस्टर शाळा सुटल्यावर कोणाच्या आज्ञेत राहते, तिचा पगार कुठे जातो, तिच्यावर अन्याय झाला तर ती दाद कुठे मागते, हे प्रश्न त्या घरांत क्वचितच निघाले.

३/
धर्मभगिनी तीन व्रते घेते : दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. शोषणाची बातमी आली की चर्चा दुसऱ्या व्रतावर जाऊन थांबते. ब्रह्मचर्य अनैसर्गिक आहे, म्हणून हे घडते, असा सोपा निष्कर्ष निघतो. पण पीडित भगिनी ब्रह्मचर्यामुळे असहाय झालेली नसते. तिच्या हाती पैसा नसतो आणि वरिष्ठाची आज्ञा ही देवाची इच्छा मानायला तिला शिकवलेले असते, म्हणून ती असहाय असते. आज्ञा देणाराच अपराधी निघाला तर तिने जायचे कुठे? प्रश्न पहिल्या आणि तिसऱ्या व्रताभोवती उभारलेल्या व्यवस्थेचा आहे.

४/
आता इतिहास. डिसेंबर १५६३. ट्रेंट येथील धर्मपरिषदेचे शेवटचे, पंचविसावे अधिवेशन. मठवासी स्त्री-पुरुषांविषयीच्या तिथल्या नियमांत काही कलमे डोळ्यांत भरतात. सोळा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज कोणाची व्रतदीक्षा होऊ नये. मुलगी स्वेच्छेने आली आहे की तिला कोणी भरीस पाडले आहे, याची चौकशी बिशपाने किंवा त्याच्या प्रतिनिधीने तिच्याशी बोलून करावी. जो कोणी स्त्रीला बळजबरीने मठात धाडील, तो बहिष्कृत समजावा.

५/
त्याच अधिवेशनाने आणखी एक नियम केला. मठातील भगिनींना नेहमीच्या धर्मगुरूखेरीज वर्षातून दोन-तीनदा बाहेरचा, वेगळा धर्मगुरू पापनिवेदनासाठी मिळालाच पाहिजे. सर्व जणींचे निवेदन एकाच माणसाने ऐकले तर त्याच्याविरुद्धची तक्रार सांगायला जागाच उरत नाही, हा धोका या नियमाने दूर होत होता. मठाच्या आतल्या सत्तेला बाहेरचा कान हवा, हे तत्त्व १५६३ मध्ये मान्य झाले, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

६/
पण याच परिषदेने भगिनींच्या मठांचे दार अधिक घट्ट बंद केले. १२९८ मध्ये आठव्या बोनिफेस पोपने घातलेली बंदिस्तीची सक्ती तिने नव्याने लागू केली. गरज पडल्यास राजसत्तेची मदत घेण्याचेही सांगितले. बिशपाच्या लेखी परवानगीशिवाय भगिनीने बाहेर पडू नये, बाहेरच्याने आत येऊ नये. एका हाताने खिडकी उघडली, दुसऱ्या हाताने दाराला कुलूप लावले आणि खिडकी व कुलूप दोन्हींच्या किल्ल्या बिशपाकडे दिल्या. पुढच्या साडेचार शतकांचा सगळा घोळ या एका वाक्यात मावतो.

७/
पापनिवेदनाच्या आडून स्त्रियांना नादी लावणाऱ्या धर्मगुरूंचा प्रश्नही जुनाच. १६२२ मध्ये पंधराव्या ग्रेगरी पोपने या अपराधाविरुद्ध सर्व देशांसाठी फर्मान काढले. १७४१ मध्ये चौदाव्या बेनेडिक्ट पोपने पुढचे पाऊल टाकले : ज्या स्त्रीशी धर्मगुरूने स्वतः पाप केले, तिला त्या पापाची क्षमा त्यानेच दिली तर ती क्षमा निरर्थक. जे घडतच नाही, त्याविरुद्ध कोणी शतकाशतकाला फर्माने काढीत नाही. ‘हे अलीकडचे, आधुनिक काळाच्या बिघाडाचे फळ आहे’ असे म्हणणाऱ्यांनी ही सनावळी समोर ठेवावी.

८/
नियम कागदावर असताना मठात काय चालू शकते, याचे एक उदाहरण रोम शहरातलेच आहे. सांत अँब्रोजो हा फ्रान्सिस्कन परंपरेतील स्त्रियांचा मठ. १८५८ मध्ये जर्मन राजघराण्यातील कॅथरिना फॉन होहेनझोलर्न ही विधवा तिथे दीक्षेसाठी आली. नवदीक्षितांची प्रमुख होती मारिया लुईसा नावाची तरुण भगिनी. तिला दर्शने होतात, मरियामाता तिला पत्रे पाठवते, अशी तिची ख्याती होती. त्या ‘दैवी’ अधिकाराच्या जोरावर ती तरुण भगिनींचा लैंगिक उपभोग घेत असे आणि त्याला शुद्धीकरणाचे नाव देत असे.

९/
कॅथरिनाने शंका घेतल्यावर तिच्यावर विषप्रयोग झाला. ती वाचली. जुलै १८५९ मध्ये पोपच्या दरबारात आर्चबिशप असलेल्या आपल्या चुलतभावाच्या मदतीने ती मठातून निसटली आणि धर्मन्यायालयात तक्रार गुदरली. चौकशीत जवळजवळ सर्व आरोप सिद्ध झाले. मठाचा पापनिवेदक धर्मगुरू योझेफ क्लॉइटगेन हा नामांकित जेझुइट धर्मशास्त्री होता. मारिया लुईसाला संत मानून त्याने तिच्या कारभाराला आशीर्वाद दिला होता आणि तिच्याशी शरीरसंबंधही ठेवले होते.

१०/
शिक्षा काय झाली? मठ कायमचा बंद झाला. मारिया लुईसाला दीर्घ बंदिवास मिळाला. क्लॉइटगेनला तीन वर्षांचा एकांतवास सुनावण्यात आला. नवव्या पायस पोपने त्यातले एक वर्ष माफ केले. पुढे १८६९-७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेत धर्मसिद्धान्ताचा मसुदा घडविण्याच्या कामात हाच क्लॉइटगेन सहभागी होता. खटल्याची कागदपत्रे मात्र कुलूपबंद राहिली. १९९८ मध्ये ते दप्तर अभ्यासकांना खुले झाले आणि ह्युबर्ट वोल्फ या जर्मन इतिहासकाराने २०१३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हा जगाला हे कळले.

११/
या प्रकरणातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली : अत्याचार करणारी व्यक्ती पुरुषच असते असे नाही. ज्या पदाला प्रश्न विचारता येत नाही, त्या पदावर स्त्री बसली तरी तेच घडू शकते. दुसरी : तक्रार पोहोचली, कारण तक्रारदार राजघराण्यातली होती आणि तिचा भाऊ आर्चबिशप होता. ज्या भगिनींचा भाऊ शेतकरी होता, त्यांचे काय झाले याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

१२/
१७ डिसेंबर १८९०. तेराव्या लिओ पोपच्या कारकिर्दीत एक हुकूम निघाला. मठप्रमुख स्त्रिया आपल्या हाताखालच्या भगिनींना मनातले सगळे, अंतःकरणातले गुपितही, आपल्याजवळ उघड करायला भाग पाडीत होत्या. त्यास या हुकमाने मनाई केली. वेगळ्या धर्मगुरूकडे जाण्याची भगिनीची इच्छा मठप्रमुखेने अडवू नये, असेही बजावले. हा हुकूम स्थानिक भाषेत भाषांतरित करून प्रत्येक मठात वर्षातून एकदा मोठ्याने वाचून दाखवावा, अशीही तजवीज होती. आजच्या कॅनन कायद्यातील ६३० वे कलम याच हुकमाचे वारस आहे.

१३/
म्हणजे लैंगिक शोषण, विवेकबुद्धीवरील ताबा, दीक्षेची सक्ती या तिन्ही गोष्टी चर्चच्या कायदेकारांनी स्वतःच नोंदवल्या होत्या. तरीही विसाव्या शतकाच्या अखेरीस जे उघड झाले, त्यावर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हे उत्तर पुढे आले. ज्या संस्थेच्या कायदेग्रंथात रोगाचे निदान आहे, तिला अज्ञानाची सबब सांगता येत नाही.

१४/
फेब्रुवारी १९९४. सिस्टर मॉरा ओ’डोनोह्यू या आयरिश धर्मभगिनी आणि डॉक्टर. एड्सविषयक कामासाठी देशोदेशी फिरलेल्या. धर्मसंघांचा कारभार पाहणाऱ्या व्हॅटिकनच्या खात्याचे प्रमुख कार्डिनल मार्टिनेझ सोमालो यांच्यासमोर पुढे मांडला गेलेला अहवाल त्यांनी तेव्हा लिहिला. त्याचा आशय भयंकर होता. एड्सच्या भीतीने काही धर्मगुरूंनी वेश्यांकडे जाणे सोडले आणि ‘सुरक्षित’ म्हणून धर्मभगिनींकडे मोर्चा वळवला होता. एका धर्मगुरूने गर्भवती भगिनीला गर्भपातासाठी नेले. त्यात ती मरण पावली आणि तिच्या अंत्यविधीची मिस्सा त्यानेच अर्पण केली.

१५/
त्याच अहवालातील आणखी एक नोंद. आफ्रिकेतील एका धर्मप्रांतात २९ भगिनींना तिथल्या धर्मगुरूंपासून गर्भ राहिला होता. धर्मसंघाच्या प्रमुख भगिनींनी बिशपाकडे तक्रार केली. बिशपाने कारवाई केली, आणि ती तक्रार करणाऱ्या प्रमुखांना पदावरून दूर करण्याची! १५६३ मध्ये दोन्ही किल्ल्या ज्या हाती गेल्या होत्या, त्याच हातांनी १९८८ च्या सुमारास दार पुन्हा लावून घेतले.

१६/
नोव्हेंबर १९९८ मध्ये आफ्रिकेतील मिशनरी भगिनींच्या प्रमुख सिस्टर मारी मॅकडोनाल्ड यांनीही याच विषयावर निवेदन सादर केले. गर्भवती भगिनीची धर्मसंघातून हकालपट्टी होते, धर्मगुरूची फार तर बदली होते किंवा त्याला पुढील शिक्षणासाठी पाठवतात, हे त्यांचे निरीक्षण होते. दोन्ही अहवाल गोपनीय राहिले. मार्च २००१ मध्ये अमेरिकेतील ‘नॅशनल कॅथॉलिक रिपोर्टर’ या कॅथॉलिक साप्ताहिकानेच ते चव्हाट्यावर आणले. चर्चचे शत्रू शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे : लिहिणाऱ्या भगिनी कॅथॉलिक, छापणारे साप्ताहिकही कॅथॉलिक.

१७/
व्हॅटिकनच्या प्रवक्त्याने उत्तर दिले : प्रश्न माहीत आहे आणि तो एका मर्यादित भौगोलिक प्रदेशापुरता आहे. सूचना उघड होती, आफ्रिकेकडे बोट दाखवणारी. पण ओ’डोनोह्यू यांच्या अहवालात पाच खंडांतील २३ देशांचा उल्लेख होता. त्यांत आयर्लंड होते, इटली होती, अमेरिका होती, ब्राझील होते. भारतही होता. पाच खंडांना ‘मर्यादित प्रदेश’ म्हणायला भूगोलाचे अज्ञान पुरत नाही, त्यासाठी इच्छाशक्तीही लागते. एप्रिल २००१ मध्ये युरोपीय संसदेने ठराव करून व्हॅटिकनला या प्रकरणांची दखल घेण्यास सांगितले. व्हॅटिकनच्या कारभारात मात्र दिसण्याजोगा फरक पडायला पुढची अठरा वर्षे जावी लागली.

१८/
‘आफ्रिकेतील संस्कृतीच तशी’ या युक्तिवादाचा निकाल स्लोव्हेनियाने लावला. ल्युब्लियाना येथील लोयोला समुदाय या स्त्रियांच्या धर्मसंस्थेशी निगडित असलेले मार्को रुपनिक हे जेझुइट धर्मगुरू जगप्रसिद्ध मोझेइक चित्रकार. त्यांनी नव्वदच्या दशकाच्या आसपास आपले मानसिक आणि लैंगिक शोषण केले, असा आरोप त्या समुदायातील स्त्रियांनी केला. २०२० मध्ये, ज्या स्त्रीशी पाप केले तिलाच पापक्षमा दिल्याबद्दल, रुपनिक यांना बहिष्कृत करण्यात आले. हा १७४१ च्या फर्मानातलाच अपराध. बहिष्कार त्याच महिन्यात उठला आणि जगाला त्याची वार्ताही नव्हती.

१९/
डिसेंबर २०२२ मध्ये आरोप प्रसिद्ध झाले, २०२३ मध्ये जेझुइट संघाने रुपनिक यांना काढून टाकले. शोषणाच्या आरोपांवरील चर्चमधील खटल्यासाठी न्यायाधीशमंडळ नेमले गेले ते ऑक्टोबर २०२५ मध्ये. निर्णय होईपर्यंत आरोपांना आरोपच म्हणावे लागेल. दरम्यान लोयोला समुदाय मात्र २०२३ मध्येच बरखास्त झाला. त्याला कारण त्या समुदायातील अधिकाराच्या वापराविषयीचे गंभीर दोष हे होते. तरीही क्रम पाहावा. १८६२ प्रमाणेच स्त्रियांचे घर आधी बंद झाले, विद्वान वा कलावंत पुरुषाचा प्रश्न रेंगाळत राहिला.

२०/
आता भारत. जून २०१८ मध्ये केरळमधील एका धर्मभगिनीने जालंधरचे तत्कालीन बिशप फ्रँको मुलक्कल यांच्याविरुद्ध बलात्काराची तक्रार पोलिसांत केली. त्याआधी चर्चमधील वरिष्ठांना पत्रे लिहूनही दाद मिळाली नाही, असे तिचे म्हणणे होते. सप्टेंबरमध्ये तिच्या सहकारी भगिनी कोचीत उच्च न्यायालयाजवळच्या चौकात धरणे धरून बसल्या. झगा आणि शिरोवस्त्र घातलेल्या स्त्रिया बिशपाच्या अटकेची मागणी करीत रस्त्यावर बसल्या आहेत, हे दृश्य या देशाने तोवर पाहिले नव्हते. दोन आठवड्यांनी बिशपांना अटक झाली.

२१/
१४ जानेवारी २०२२ रोजी कोट्टयमच्या सत्र न्यायालयाने मुलक्कल यांना निर्दोष मुक्त केले. त्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील दाखल झाले. जून २०२३ मध्ये त्यांचा बिशपपदाचा राजीनामा पोपने स्वीकारला. न्यायालयाचा निकाल हा निकाल आहे. अपिलात तो बदलेपर्यंत कोणी त्यांना अपराधी म्हणू नये. परंतु एक प्रश्न त्या निकालाने सुटत नाही, कारण तो प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच.

२२/
तक्रारदार भगिनीचा धर्मसंघ ‘धर्मप्रांतीय’ प्रकारचा आहे. असा संघ कॅनन कायद्यानुसार त्या त्या बिशपाच्या विशेष देखरेखीखाली असतो. म्हणजे तिने ज्याच्याविरुद्ध तक्रार केली, तोच तिच्या संघावरचा सर्वोच्च स्थानिक अधिकारी. आरोप खरा असो वा खोटा, अशा स्थितीत संघाच्या आत त्याची निःपक्ष चौकशी होणे अशक्य होते. घडले तेही तसेच. संघाने प्रसिद्धीपत्रकासोबत तक्रारदार भगिनीचे छायाचित्र दिले आणि पोलिसांना त्याबद्दल गुन्हा नोंदवावा लागला. साथ देणाऱ्या भगिनींना जानेवारी २०१९ मध्ये बदलीचे हुकूम मिळाले. अन्यायाविरुद्ध उभे राहणे हा आज्ञाभंग ठरतो, तो असा.

२३/
‘मग सोडून का जात नाहीत?’ हा प्रश्न सगळेच विचारतात. उत्तर पैशात आहे. अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या भगिनीचा सरकारी पगार धर्मसंघाकडे जातो. या पगारावर प्राप्तिकर कापू नये, यासाठी तमिळनाडू आणि केरळमधील धर्मसंघ सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. व्रत घेतलेल्या व्यक्तीचा कॅनन कायद्याने ‘नागरी मृत्यू’ होतो, पगार तिचा नसून संघाचा आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. करापुरता का होईना, ती स्त्री जिवंत ठरली.

२४/
आता कॅनन कायद्याचे ७०२ वे कलम वाचावे. धर्मसंघ सोडणाऱ्या किंवा काढून टाकलेल्या व्यक्तीला, संघात केलेल्या कामाबद्दल काहीही मागण्याचा हक्क नाही. संघाने तिच्याशी न्यायाने आणि ख्रिस्ती प्रेमाने वागावे, असे पुढचे उपकलम सांगते. म्हणजे हक्क नाही, दया आहे. तीस वर्षे वर्गात उभी राहिलेली स्त्री पन्नाशीत बाहेर पडते तेव्हा तिच्या हाती भविष्यनिर्वाह निधी नसतो, घर नसते आणि पुष्कळदा माहेरही उरलेले नसते. रोममध्ये अशा बाहेर पडलेल्या भगिनींसाठी एक आश्रयगृह पोपच्या पुढाकाराने उघडल्याचे २०२० मध्ये खुद्द व्हॅटिकनच्या कार्डिनलांनी सांगितले. जिथे आश्रयगृह काढावे लागते, तिथे निराधारपणा अपवाद उरलेला नसतो.

२५/
२०१९ नंतर काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. धर्मसंघप्रमुख भगिनींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने नोव्हेंबर २०१८ मध्येच मौनाच्या संस्कृतीचा निषेध करून, पीडित भगिनींनी चर्चकडे तसेच नागरी यंत्रणेकडेही तक्रार करावी, असे आवाहन केले. मे २०१९ च्या पोपच्या फर्मानाने अधिकाराचा गैरवापर करून केलेली लैंगिक सक्ती तक्रारयोग्य ठरवली, माहिती देणे धर्मगुरू-भगिनींना बंधनकारक केले आणि तक्रारदारावर मौनाची सक्ती करण्यास मनाई केली. डिसेंबर २०२१ पासून लागू झालेल्या सुधारित दंडसंहितेत धर्मगुरूचा हा अपराध प्रौढ स्त्रीच्या बाबतीतही स्पष्टपणे नोंदवला गेला.

२६/
पण तक्रार जाते कुठे? बिशपाकडे. बिशपाविरुद्ध असेल तर त्याच्या वरच्या आर्चबिशपाकडे आणि रोमकडे. चौकशी करणारा, पुरावा तपासणारा, शिक्षा ठरवणारा, माफ करणारा आणि कागद कुलूपात ठेवणारा, सगळे एकाच पदरचनेतले. १५६३ चा बाहेरचा कान बिशप नेमत असे, आजचा तक्रार-कक्षही तोच नेमतो. फर्माने अधिकाधिक चांगल्या भाषेत लिहिली जात आहेत. किल्ल्या ज्याच्या कमरेला होत्या त्याच्याच कमरेला आहेत.

२७/
‘ही चर्चची अंतर्गत बाब आहे’ हा बचाव भारतात टिकत नाही. २०१३ च्या दुरुस्तीने अधिकारपदाचा किंवा विश्वासाच्या नात्याचा गैरफायदा घेऊन केलेला लैंगिक अपराध दंडविधानात वेगळा ठरवला. त्याच वर्षीच्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात ‘कर्मचारी’ या शब्दाच्या व्याख्येत विनामोबदला आणि स्वेच्छेने काम करणारी व्यक्तीही येते. भारतीय कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने २०१७ मध्ये या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. तेव्हा प्रत्येक कॉन्व्हेंट शाळेत आणि इस्पितळात कायद्याने सांगितलेली समिती खरोखर बसते का, भगिनीची तक्रार ती घेते का, हे विचारणे हा धर्मावरचा हल्ला ठरत नाही.

२८/
दुसरा बचाव अधिक नाजूक आहे : अल्पसंख्य समाज आधीच दडपणाखाली आहे, अशा वेळी घरातले बाहेर काढू नये. दडपण खरे आहे. भगिनींना रेल्वे स्थानकावर अडवले जाते, त्यांच्या संस्थांवर खोटे आळ घेतले जातात, हेही खरे. पण समाजाच्या अब्रूसाठी त्याच समाजातील स्त्रीने गप्प राहावे, हा सौदा प्रत्येक जातीने, प्रत्येक धर्माने, प्रत्येक घराण्याने आपल्या स्त्रियांशी केला आहे. त्यात अब्रू पुरुषांची वाचली आणि किंमत स्त्रियांनी मोजली.

२९/
आणि जे या बातम्या चवीने वाचतात, ज्यांना धर्मभगिनीच्या दुःखात परधर्माची नाचक्की तेवढी दिसते, त्यांच्यासाठीही एक शब्द. प्रश्न न विचारता पाळायची आज्ञा, स्वतःचा पैसा नसलेले अनुयायी आणि आतल्या आत मिटवली जाणारी तक्रार ही तीन लक्षणे कोणत्याही मठात, आश्रमात, आखाड्यात एकत्र आली की परिणाम तोच होतो. त्या भगिनीचा कैवार घ्यायचा असेल तर आपल्या दारातल्या गुरूलाही तोच प्रश्न विचारावा लागेल.

३०/
मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. पंडिता रमाबाईंनी सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला तो अँग्लिकन धर्मभगिनींच्या सहवासात. त्याच धर्मसंघाच्या भगिनी पुण्यातही काम करीत. रमाबाई भगिनी झाल्या नाहीत आणि तो पंथही कॅथॉलिक नव्हता. पण सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात वाद हाच आहे : धर्म स्वीकारला म्हणजे बिशपाच्या आणि धर्मगुरूच्या शब्दापुढे स्वतःची विवेकबुद्धी गहाण टाकली का? रमाबाईंचे उत्तर ठाम नकाराचे होते. श्रद्धा सोडली नाही आणि मानही तुकवली नाही.

३१/
आज पुण्यातील ‘स्त्रीवाणी’सारख्या संस्थेतून, भारतीय धर्मसंघांच्या परिषदेच्या महिला विभागातून हाच आवाज येतो आहे. २०२१ मध्ये ‘इट्स हाय टाइम’ या नावाने भगिनींनीच आपल्या वाट्याला येणाऱ्या अन्यायाविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. या स्त्रिया चर्च सोडून बोलत नाहीत. चर्चमध्ये राहून बोलतात. त्यांना धर्मद्रोही ठरवणाऱ्यांनी १५६३ आणि १८९० चे कायदे काढून पाहावेत. त्या कायद्यांतच जे लिहिले आहे, तेच त्या मागत आहेत.

३२/
मागण्या मोजक्या आहेत आणि कोणताही धर्मसिद्धान्त न बदलता पुऱ्या होऊ शकतात. तक्रार ऐकणारी समिती बिशपाने नेमलेली नसावी आणि तिच्यात धर्मसंघाबाहेरील स्त्रिया बहुसंख्य असाव्यात. गुन्हा असेल तर पहिला कागद पोलिसांकडे जावा. तक्रार प्रलंबित असताना तक्रारदाराची व साक्षीदारांची बदली होऊ नये. भगिनीच्या पगारातील एक हिस्सा तिच्या नावाच्या खात्यात जमा व्हावा, म्हणजे बाहेर पडणाऱ्या स्त्रीला दयेवर जगावे लागणार नाही. आणि चौकशीचा निष्कर्ष निदान पीडितेला तरी लेखी मिळावा.

३३/
यांतली शेवटची मागणी सर्वांत लहान दिसते, पण तिच्यावाचून बाकीच्या टिकत नाहीत. सांत अँब्रोजोचा निकाल जगाला कळायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. १९९४ चा अहवाल सात वर्षे कपाटात होता. २०२० चा बहिष्कार उठलाही आणि कोणाला कळला नाही. नियमांची उणीव कधीच नव्हती. तो नियम वापरू पाहणाऱ्या स्त्रीला पुढे काय झाले, ते कोणी सांगत नव्हते.
(समाप्त)